घोट्याची पकड

दत्तप्रसाद मेस्त्री आयुष्यात दोनच गोष्टी नीट शिकला. वाकलेला पत्रा सरळ करणं आणि पळत्या माणसाचा पाय धरणं. पहिली त्याला वडिलांनी शिकवली. दुसरी कुणी शिकवली असं सांगता येणार नाही. कणकवलीजवळच्या त्यांच्या गावात संध्याकाळी शाळेमागे कबड्डीचं मैदान आखलं जायचं. तिथे दहा वर्षांचा असल्यापासून तो डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा. चढाई करणारा गडी हूल देऊन परत वळला की दत्ता खालून सूर मारायचा आणि दोन्ही हातांनी त्याचा घोटा धरायचा. एवढं सगळेच करतात. दत्ताची खुबी अशी की धरताना तो आपलं डोकं त्या गड्याच्या नडगीच्या पुढ्यात घालायचा. मागे हात, पुढे डोकं. पाय टाकायला जागाच उरायची नाही. गावातली म्हातारी माणसं म्हणायची, "मेस्त्र्याच्या झिलान धरल्यान तर यमसुद्धा सुटाचो नाय."

जिल्ह्याच्या संघापर्यंत तो पोचला. खेळावर नोकरी मिळेल या आशेवर चार वर्षं काढली, ती मिळाली नाही. पंचवीस वर्षांचा असताना त्याला कळलं की देशात अमेरिकन फुटबॉलची एक लीग निघते आहे आणि तिला गडी हवे आहेत. हा फुटबॉल पायाने खेळायचा नव्हे. न सोललेल्या नारळासारखा दोन्ही टोकांना निमुळता बॉल छातीशी धरून पळायचं, आणि समोरच्यांनी पळणाऱ्याला आडवा करायचा. देशात हा खेळ कुणालाच येत नव्हता, म्हणून निवडीला पैलवान आले होते, वजन उचलणारे आले होते आणि कबड्डीवाले तर ढिगाने. दत्ताला वीस यार्डांवरून पळत येणाऱ्या एका दांडगट माणसापुढे उभं केलं. त्याने घोटा धरला. माणूस झाडासारखा पडला. त्याच संध्याकाळी दत्ताने करारावर सही केली. घरी फोन करून तो आईला म्हणाला, "आये, माका खेळूक पगार मिळतलो." आईला ते खरं वाटलं नाही.

संघाचा कोच एक म्हातारा अमेरिकन होता. त्याला दत्ता आवडायचा आणि दत्ताची पकड अजिबात आवडायची नाही. "हेड अप!" म्हणून तो घसा कोरडा करायचा. त्याचं म्हणणं असं की डोकं वर हवं, पळणाऱ्याच्या मागल्या बाजूला हवं, पुढ्यात कधीच नाही. तो सरावाच्या पुतळ्यामागे उभा राहून हाताची बोटं दाखवायचा आणि धडक मारतानाच किती बोटं ते ओरडून सांगायला लावायचा. मान खाली गेली तर बोटं दिसणार कशी? दत्ता सरावात बोटं मोजायचा आणि सामन्यात आपल्याच रीतीने पकडायचा. टाळ्या त्यालाच मिळायच्या.

दुसऱ्या हंगामात एका सामन्यात पळणाऱ्याचा गुडघा त्याच्या हेल्मेटवर आदळला. मानेतून डाव्या हातात वीज गेल्यासारखं झालं आणि दहा मिनिटं तो हात त्याचा नव्हताच. कडेला बसून त्याने उजव्या हाताने डावा हात मांडीवर उचलून ठेवला आणि कुणी विचारलं तर "ओके, ओके" म्हणाला. अमेरिकन कोच त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "देवाने तुला एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा तो सांगत नसतो." दत्ताला तेव्हा इंग्रजी इतपत कळत होतं. त्या दिवसापासून डाव्या हाताची शेवटची दोन बोटं बधिर राहिली ती राहिलीच. त्याने हे भक्तीला सांगितलं, लग्न झाल्यावर. दुसऱ्या कुणाला नाही.

तिसरा हंगाम झालाच नाही. लीगच्या ऑफिसातले फोन वाजत राहिले, मग वाजायचेही बंद झाले. वडिलांच्या ओळखीतून दत्ता डेंटरच्या व्हिसावर बहारीनला आला आणि तुबलीतल्या एका गॅरेजात पत्रे ठोकू लागला. पाच-सहा वर्षांनी भक्तीलाही आणता आलं. सनदला दोन खोल्या घेतल्या. मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल दोघंही फारसं बोलत नसत.

कोच तो झाला एका गाडीमुळे. एका शाळेत शिकवणारा अमेरिकन मास्तर आपली ठोकलेली गाडी घेऊन गॅरेजात आला. गाडीच्या मागच्या सीटवर तो नारळाच्या आकाराचा बॉल पडलेला होता. दत्ताने हात पुसले, बॉल उचलला आणि गॅरेजच्या या टोकापासून त्या टोकाला असलेल्या रावजी पेंटरकडे फेकला. बॉल सरळ, भोवऱ्यासारखा फिरत गेला. रावजी साताऱ्याकडचा. त्याने बॉल झेलला नाही, तो रंगाच्या डब्यात पडला, आणि त्यावर रावजीने ज्या शिव्या दिल्या त्या अर्थ न कळता मास्तरालाही आवडल्या. त्याने दत्ताला विचारलं, हे तू कुठे शिकलास? दत्ताने सांगितलं. बहारीनमध्ये हौशी लोकांचे तीन संघ दर शुक्रवारी सामने खेळत. चौथा संघ काढायचा चालला होता, आपल्याकडच्या पोरांचा, आणि त्याला कोच नव्हता.

अशा तऱ्हेने आठवड्यातले सहा दिवस दत्ता डेंटर असलेला माणूस शुक्रवारी कोच झाला. पाठीवर इंग्रजीत "कोच" लिहिलेला टी-शर्ट भक्ती गुरुवारीच इस्त्री करून ठेवायची. गॅरेजात रावजी चिडवायचा, "काय कोचसाहेब, ह्या बंपरला शिट्टी मारा की. सरळ हुतोय का बघू." दत्ता हसायचा. मनातून त्याला ते गोड लागायचं. इथे येऊन इतकी वर्षं झाली, पण त्याला अहो-जाहो करणारं, त्याच्या शब्दावर पळणारं आणि थांबणारं कुणी असं शुक्रवारीच भेटायचं.

संघाचं नाव ठेवलं "तुबली डायव्हर्स". पोरं हडकुळी होती, समोरच्या संघांत आडदांड लोक. बोटं मोजायला लावून छातीवर धडक मारायला शिकवलं असतं तर एकेक पोरगं उडून पडलं असतं. म्हणून दत्ताने त्यांना आपली पकड शिकवली. खाली जा, घोटा धरा, डोकं पुढ्यात. पहिल्याच हंगामात संघ दुसरा आला. समोरचे लोक ओरडायचे, "आले रे लेस बांधणारे! जरा घट्ट बांधा!" आणि आपली पोरं उलट ओरडायची, "बांधली की सुटत नाही, अंकल!" त्या पकडीला पोरांनी नाव दिलं, "दत्ता". "दत्ता मार! दत्ता मार!" असा मैदानावर गजर व्हायचा.

मधे एकदा स्पर्धेच्या समितीने सगळ्या कोचना ऑनलाइन कोर्स करायला लावला. त्यात एक धडा होता. डोकं पळणाऱ्याच्या पुढ्यात घालून पाडणं ही सगळ्यात घातक चूक, असं चित्र काढून दाखवलं होतं. चित्रातला माणूस जणू दत्ताच. भक्ती शेजारी भाजी निवडत होती. तिने विचारलं, "ह्या काय?" दत्ता म्हणाला, "अमेरिकेतल्या पोरांसाठी आसा," आणि पुढच्या पानावर गेला. खरं काय ते त्याला माहीत होतं. कबड्डीत गडी उभ्याउभ्या वळतो आणि दोन पावलांत रेषा गाठायला बघतो. इथे तो वीस यार्डांवरून वेग घेऊन येतो. कोर्स पास झाल्याचा कागद आला. तो भक्तीने काचेत लावून घेतला.

संघातला सगळ्यात चांगला गडी होता आकिब. बावीस वर्षांचा, झिंजमध्ये राहणारा. त्याचे वडील नजीबभाई मूळचे म्हसळ्याकडचे, सव्वीस वर्षांपासून बंदरातला माल सोडवणाऱ्या एका क्लिअरिंगच्या ऑफिसात क्लार्क होते. आई हलिमा. आकिब इथेच जन्मला, इथेच शिकला. मराठी त्याला सगळी कळायची, उत्तर इंग्रजीत द्यायचा. नजीबभाई शुक्रवारी नमाज आणि जेवण आटोपून मैदानावर यायचे, घडीची खुर्ची मांडून बसायचे आणि खेळ अजिबात न कळता टाळ्या वाजवायचे. "दत्ताभाई, आता हा का थांबला?" "शिट्टी झाली, नजीबभाई." "अच्छा. आपण जिंकतोय ना?" "अजून खेळ चालू आहे." "इंशाल्ला जिंकणार."

आकिबला दत्ताने पोटच्या पोरासारखं शिकवलं, असं म्हटलं तर खोटं होणार नाही. ती पकड त्याच्यासारखी दुसऱ्या कुणाला जमली नाही. कधीकधी तर दत्ताला वाटायचं, हा आपल्यापेक्षा सफाईने करतो.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी, सामना संपायला दहाएक मिनिटं उरली असताना, समोरचा सगळ्यात वजनदार गडी बॉल घेऊन कडेने सुटला. मधे फक्त आकिब होता. पोरं ओरडली, "दत्ता मार!" आकिब खाली गेला. घोटा धरला, डोकं पुढ्यात घातलं. गुडघा आला. आवाज फार मोठा झाला नाही. तो वजनदार गडी पडला, उठला. आकिब उठला नाही.

दत्ता पळत पोचला तेव्हा आकिबचे डोळे उघडे होते. "कोच," तो म्हणाला, "माझे हात कुठे आहेत?"

त्यापुढे दत्ताने जे केलं ते अगदी बरोबर केलं. हेल्मेट काढू पाहणाऱ्या पोरांना त्याने ओरडून लांब केलं. स्वतः गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी आकिबचं डोकं धरलं आणि अँब्युलन्स येईपर्यंत ते तसूभर हलू दिलं नाही. पंचवीस मिनिटं लागली. त्याची बधिर बोटं हेल्मेटच्या कडेवर पांढरी पडली होती. नजीबभाई बाजूला उभे राहून काहीतरी पुटपुटत होते. त्यांची खुर्ची आडवी पडली होती.

मानेचं ऑपरेशन झालं. डॉक्टर नजीबभाईंना म्हणाले की ज्याने डोकं धरून ठेवलं त्याचे आभार माना, नाहीतर श्वासही गेला असता. नजीबभाईंनी ते शब्दशः मानलं. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये सगळ्यांदेखत त्यांनी दत्ताला मिठी मारली. "दत्ताभाई, तुम्ही होतात म्हणून माझा पोरगा आहे." हलिमाभाभींनी डब्यातली खीर त्याला आपल्या हाताने वाढून दिली. दत्ताने ती खाल्ली. काय करणार?

तीन आठवड्यांनी आकिबचा उजवा हात थोडा हलू लागला. डावा नुसता थरथरायचा. पायांचं डॉक्टर काही बोलत नव्हते. विचारलं की "थांबून बघू" म्हणत.

समितीचा एक फॉर्म आला होता. अपघात कसा झाला ते लिहायचं होतं, आणि खाली प्रश्न होता: खेळाडूला पाडण्याची सुरक्षित पद्धत शिकवली होती का? समितीचा सेक्रेटरी फोनवर म्हणाला, "फॉर्मॅलिटी आहे, कोच. होय वर खूण करा. मुलगा स्वतःच म्हणतोय की त्याचं डोकं चुकीच्या जागी गेलं." दत्ताने होय वर खूण केली आणि फॉर्म पाठवून दिला.

आकिब खरंच तसं म्हणत होता. येईल त्याला म्हणत होता. डॉक्टरांना, मामांना, संघातल्या पोरांना. "माय मिस्टेक. मी मान खाली घातली." हलिमाभाभी त्याच्यावर रागवायच्या आणि मग बाहेर जाऊन रडायच्या. "इतका चांगला शिकवणारा मिळाला होता," त्या एकदा दत्तासमोरच म्हणाल्या, "पण आमच्या पोराला घाई. लहानपणापासून घाई." दत्ता खिडकीबाहेर बघत राहिला.

तो रोज गॅरेज सुटलं की जायचा. सहा वाजता भेटायची वेळ असायची. एका संध्याकाळी नजीबभाई आणि हलिमाभाभी नमाजाला गेले होते आणि खोलीत दत्ता आणि आकिब दोघंच होते. आकिब म्हणाला, "कोच, व्हिडिओ आहे ना तुमच्याकडे? मला बघायचाय."

"कशाला? नको."

"दाखवा. माझं काय चुकलं ते मला बघायचंय. दिवसभर वर छताकडे बघत तोच विचार करतो मी."

दत्ताने फोन त्याच्या डोळ्यांसमोर धरला. आकिबने तो तुकडा पाच वेळा बघितला. दत्ता स्क्रीनकडे बघत नव्हता, त्याला तो पाठ होता. पोराने काडीइतकी चूक केली नव्हती. हात, खांदा, डोकं, सगळं जिथे शिकवलं तिथेच होतं.

"हे बघा," आकिब म्हणाला. "डोकं इंचभर चुकीच्या जागी गेलं. हो ना, कोच?"

पळभर दत्ताला वाटलं, आत्ता. पण त्याच वेळी दारात नजीबभाईंच्या चपलांचा आवाज आला.

"हो," दत्ता म्हणाला. "थोडंसं."

आकिबने डोळे मिटले. "थँक यू," तो म्हणाला. "बाकी सगळे म्हणतात चूक नव्हती, नशीब. तुम्ही खरं सांगितलंत."

त्या रात्रीपासून दत्ताचं जेवण तुटलं. गॅरेजात तो एकच पत्रा दोनदा ठोकू लागला. रावजी एकदा त्याच्या हातातून हातोडी काढून घेत म्हणाला, "दत्ता, लेका, ह्यो दरवाजा कवाच सरळ झालाय. आता त्याला पातळ करतूयास." चिडवणं त्याने बंद केलं होतं. न चिडवणारा रावजी दत्ताला सहन होईना.

भक्तीला त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुमी सांगलास म्हणान तेचे पाय परत येतले काय?"

"नाय."

"मगे? उद्या पोलीस इले तर? व्हिसा गेलो तर? आणि ती बाई... तुमका खीर वाढल्यान तिना. तिका आता काय सांगतलास?"

"तो पोर सोताक दोष दिता, भक्ती. रोज दिता. आणि मी वर होय म्हणून सांगलंय."

भक्तीने काचेतल्या कागदाकडे बघितलं आणि नजर काढली. "माका भिया वाटता," एवढंच ती म्हणाली. नको असं मात्र ती म्हणाली नाही.

तरीही दत्ता आणखी नऊ दिवस गेला नाही. म्हणजे हॉस्पिटलात गेला, रोज गेला, पण सांगितलं नाही. आज सांगू म्हणून निघायचा आणि संत्री देऊन परत यायचा. शेवटी त्याला ढकललं ते नजीबभाईंनीच. दुपारच्या सुट्टीत ते गॅरेजात आले. ऑफिसचे कपडे, घामाघूम, चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी थोडं हसू. हंगामाच्या शेवटच्या सामन्याच्या वेळी समिती दत्ताला मानचिन्ह देणार होती, प्रसंगावधान दाखवून खेळाडूचा जीव वाचवल्याबद्दल. "ते माझ्या हातून द्यायचं ठरलंय," नजीबभाई म्हणाले. "मला बोलायला येत नाही हो चार लोकांत. पण मी बोलणार. आकिबने इंग्रजीत लिहून दिलंय, म्हणजे त्याने सांगितलं आणि हलिमाने लिहिलं." त्यांनी खिशातून कागद काढला आणि दत्तापुढे धरला.

दत्ताने तो घेतला नाही. हाताला ग्रीस आहे म्हणाला.

त्या संध्याकाळी तो तसाच, गॅरेजच्या कपड्यांत, हॉस्पिटलात गेला. तिघंही खोलीत होती. हलिमाभाभी आकिबच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून चोळत होत्या. दत्ता बसला नाही.

"आकिब," तो म्हणाला, "त्या दिवशी तू विचारलंस डोकं चुकीच्या जागी गेलं का. मी हो म्हणालो. ते खोटं होतं."

"ओके," आकिब म्हणाला. त्याला नीट समजलं नव्हतं.

"तुझं डोकं मी शिकवलं तिथेच होतं. तुझं काहीच चुकलं नाही. ती पकडच चुकीची आहे. कबड्डीतली आहे, ह्या खेळातली नाही. मला माहीत होतं. माझ्या कोचने मला शंभरदा सांगितलं होतं. मला स्वतःला लागलं होतं तसंच, मानेला. ही दोन बोटं तेव्हापासून मेलेली आहेत." त्याने डावा हात पुढे केला आणि मग ते बरं दिसत नाही असं वाटून मागे घेतला. "तरी मी तुम्हाला तीच शिकवली. सामने जिंकत होतो म्हणून. आणि फॉर्मवरही खोटं लिहिलंय मी."

हलिमाभाभींचा हात थांबला. नजीबभाई म्हणाले, "काय बोलताय दत्ताभाई? तुम्ही दमलाय. बसा."

"नाही नजीबभाई. हे खरं आहे."

बाहेर ट्रॉली गेली. आकिब छताकडे बघत होता. मग तो बोलू लागला, आणि या वेळी मराठीत बोलला, अडखळत, लहान मुलं बोलतात तसा.

"पण मी तुम्हाला विचारला होता. मी विचारला, आणि तुम्ही हो म्हणाला."

"हो."

"मी दहा, बारा दिवस झोपला नाही. रोज मी ते परत परत करते मनात. डोकं दुसऱ्या जागी ठेवते. रोज. आणि तुम्ही रोज येऊन इथे बसला."

दत्ताने पलंगाचा कठडा धरला.

"मग मी चांगला होतो की नाही?" आकिबने विचारलं. आता तो इंग्रजीत गेला होता आणि त्याचा आवाज चढला होता. "तुम्ही म्हणायचात मी बेस्ट आहे. कशात बेस्ट? मान मोडून घेण्यात?"

"तू चांगलाच होतास," दत्ता म्हणाला. "मी जे दिलं ते तू मन लावून घेतलंस. देणारा वाईट होता."

हलिमाभाभी उठल्या. दत्ताला वाटलं त्या मारतील, आणि त्यांनी मारलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी पाठ फिरवून पडदा ओढला. नजीबभाईंनी दत्ताच्या कोपराला धरून त्याला बाहेर नेलं. लिफ्टपर्यंत नेलं. बटण दाबलं. लिफ्ट येईना. दोघं शेजारी उभे राहिले, एकमेकांकडे न बघता.

"सव्वीस वर्षं मी कागदं तपासतोय," नजीबभाई शेवटी म्हणाले. "एक सही चुकीची दिसली तर कंटेनर अडवतो. आणि तुमच्याकडे पोरगा दिला, तेव्हा काहीच विचारलं नाही." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "उद्यापासून येऊ नका."

"नाही येणार."

आतून आकिबच्या रडण्याचा आवाज येत होता, मोठ्याने, लहान पोरासारखा. नजीबभाई तिकडे वळून ऐकत राहिले. "रडतोय," ते म्हणाले. "दोन महिन्यांत रडला नव्हता. आम्ही रडलो की उलट सॉरी म्हणायचा." मग लिफ्ट आली. दत्ता आत शिरेपर्यंतही ते थांबले नाहीत, खोलीकडे परत गेले.

दुसऱ्या दिवशी दत्ताने समितीला नवीन पत्र लिहिलं. इंग्रजी भक्तीने आणि रावजीच्या ओळखीच्या एका बाईने मिळून नीट करून दिलं. समितीने दत्ताला काढलं, ती पकड बंद केली, आणि सेक्रेटरीने फोनवर शेवटी थोडं कडवटपणे म्हटलं की सांगायचंच होतं तर आधी सांगायचं. ते त्याचं बरोबरच होतं. पोलीस आले नाहीत. व्हिसा राहिला. भक्ती ज्याला भ्याली त्यातलं काहीच झालं नाही. संघातली पोरं मात्र गॅरेजवरून जाताना रस्ता बदलू लागली. एकजण थांबला, आणि तोही एवढंच विचारायला की "कोच, आम्ही जिंकलेले सामने पण खोटे का?" दत्ता म्हणाला, नाही. त्याचं त्यालाच ते पटलं नाही.

शुक्रवारी तो घरीच असायचा. भक्तीने तो टी-शर्ट कुठे ठेवला ते त्याने विचारलं नाही. दुपारी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा आणि चारच्या सुमारास, मैदानावर शिट्टी वाजायच्या वेळेला, आपोआप उठून बसायचा. भक्ती चहा टाकायची. दोघं चहा प्यायची आणि मग संध्याकाळ व्हायची.

मे महिन्यात आकिबला घरी आणल्याचं त्याला रावजीकडून कळलं. उजव्या हाताने आता चमचा धरता येतो, चाकांच्या खुर्चीत तासभर बसता येतं, असंही कळलं. पाय मात्र हलतच नव्हते.

जूनच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दत्ताच्या फोनवर नजीबभाईंचं नाव दिसलं. तीन वेळा वाजू देऊन त्याने उचलला.

"आमची लिफ्ट बंद पडलीय," नजीबभाई म्हणाले. सलाम नाही, काही नाही. "तिसरा मजला आहे. आकिबला व्यायामाच्या डॉक्टरकडे न्यायचंय. मी आणि वॉचमन, दोघांनी होत नाही. काल एका पायरीवर तो पडता पडता राहिला. उचलायला या. बाकी काही नको."

दत्ता गेला. झिंजच्या त्या इमारतीचा जिना अरुंद होता आणि उन्हाने भिंती सकाळीच तापल्या होत्या. हलिमाभाभींनी दार उघडलं आणि आत निघून गेल्या. दत्ताने खुर्ची मागून, वरच्या बाजूने धरली. नजीबभाईंनी पुढून, पायांकडून. वजन सगळं मागच्यावर येतं. आकिब हलका झाला होता. बसल्या जागी त्याची मान दत्ताच्या छातीसमोर होती, आणि मानेवर ऑपरेशनची लांब शिवण, तिच्या दोन्ही बाजूंना नवे केस उगवलेले. साठ-सत्तर पायऱ्या दत्ता ती शिवण बघत उतरला. वळणावर नजीबभाई म्हणायचे, "थांबा," आणि मग, "घ्या."

गाडीत बसवताना दत्ताने आकिबच्या काखेत हात घातले आणि त्याला उचलून सीटवर ठेवलं. पट्टा लावला. आकिबने सगळा वेळ समोर बघितलं. त्याने दत्ताला कुठल्याच नावाने हाक मारली नाही.

दत्ता दार लावायला गेला तेव्हा आकिब इंग्रजीत म्हणाला, दत्ताला नव्हे, वडिलांना, "गुरुवारी पण जायचंय ना आपल्याला?"

नजीबभाई स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. "लिफ्टवाला पुढच्या आठवड्यात येणार म्हणतो," ते म्हणाले.

गाडीचा एसी सुरू होता, दार उघडं होतं, थंड हवा बाहेर जात होती. दत्ता दार धरून उभा होता.

"साडेआठला," नजीबभाई त्याच्याकडे न बघता म्हणाले. "उशीर नको."

"नाही करणार," दत्ता म्हणाला आणि आकिबचा कोपर आत आहे ना ते बघून त्याने दार हळू लावलं.